रात्रीचे प्रहर चार असताना तिला ‘त्रियामा’ का म्हटले आहे?

ओसरी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलीला अमरकोशातले रात्रीवाचक शब्द समजावून देत होतो. शर्वरी, निशा, निशीथिनी असे शब्द ओळीने येतात आणि त्यांतच ‘त्रियामा’ येतो. याम म्हणजे प्रहर हे तिला ठाऊक होते. त्यामुळे तिने लगेच विचारले की, दिवसाचे चार आणि रात्रीचे चार मिळून आठ प्रहर होतात, ‘अष्टौप्रहर’ हा शब्द तर घरात रोज कानावर पडतो, मग या शब्दात रात्रीचे तीनच प्रहर कसे?

टीकाकारांनी दिलेले परंपरागत उत्तर मी तिला सांगितले. रात्रीचा पहिला अर्धा प्रहर आणि शेवटचा अर्धा प्रहर लोकांच्या उठण्याबसण्याचा, कामाचा असतो. तो दिवसातच धरायचा, म्हणजे खरी रात्र तीन प्रहरांची उरते. तिचे समाधान झाले, पण माझे झाले नाही, कारण तीन भागांची रात्र एवढ्या एका शब्दापुरती नाही. पाली ग्रंथांत बुद्धाला बोधिवृक्षाखाली ज्ञान झाले त्या रात्रीचे वर्णन पहिला, मधला आणि शेवटचा अशा तीनच यामांत येते. पहिल्या यामात पूर्वजन्मांची स्मृती, मधल्या यामात दिव्यचक्षू आणि शेवटच्या यामात आस्रवांचा, म्हणजे चित्तातल्या मळांचा क्षय. तेथे अर्धा-अर्धा प्रहर वजा केल्याचा मागमूसही नाही. रात्र सरळ तीन भागांची आहे.

म्हणून विचारतो. भारतात आणि भारताबाहेर प्राचीन लोक रात्रीचे किती भाग करीत, कशाच्या आधारे करीत, आणि तीन व चार या दोन संख्यांमागे काही कारण आहे का? ज्यांनी मूळ ग्रंथ पाहिले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृत्तिका

तीन भागांची सर्वांत जुनी आणि नीट नोंदलेली रात्र मेसोपोटेमियात सापडते, म्हणून सुरुवात तेथून करते. अक्कादी भाषेत रात्रीच्या पहिल्या भागाला ‘बरारीतु’, मधल्या भागाला ‘कबलीतु’ आणि पहाटेच्या भागाला ‘शात उर्री’ म्हणत. या विभागणीला केवळ व्यवहारातच नव्हे, तर शकुनशास्त्रातही महत्त्व होते. ‘एनूमा अनू एन्लिल’ या शकुनसंग्रहात चंद्रग्रहणाचे फळ सांगताना महिना, तिथी आणि दिशा यांच्याबरोबर ग्रहण रात्रीच्या कोणत्या भागात लागले हेही पाहिले जाते. गच्चीवर जागणाऱ्या निरीक्षकाला म्हणूनच भाग केव्हा बदलला हे निश्चित कळावे लागे.

त्यासाठी पाणी वजन करून वापरीत. इ. स. पू. १००० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मुल-अपिन’ या खगोलसंहितेत विषुवदिनी दिवसाला ३ मिना आणि रात्रीला ३ मिना पाणी सांगितले आहे. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दिवसाला ४ आणि रात्रीला २, तर हिवाळ्यात याच्या उलट. मिना म्हणजे साधारण अर्धा किलो. याचा अर्थ उन्हाळ्यातली सगळी रात्र किलोभर पाण्यात मोजली जाई आणि तिचा एक भाग त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात.

येथे एक खरी अडचण आहे. बॅबिलोनच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या दिवसाचे सर्वांत लहान दिवसाशी प्रमाण दोनास एक इतके कधीच नसते. ते साधारण दहास सात इतके असते. प्राचीन खगोलशास्त्राचे इतिहासकार ऑटो नॉयगेबाउअर यांनी १९४७ मध्ये याचे एक सुंदर स्पष्टीकरण मांडले. सरळ उभ्या भांड्याच्या तळाच्या छिद्रातून पाणी गळू दिले, तर पातळी उतरते तशी धार मंदावते. त्यामुळे दुप्पट पाणी भरले तरी भांडे रिकामे व्हायला दुप्पट वेळ लागत नाही, सुमारे १.४ पट लागतो. हे उत्तर सर्व अभ्यासकांना मान्य नाही. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे, ढोबळ असावेत असे मानणारेही पुष्कळ आहेत. मला मात्र नॉयगेबाउअर यांचे उत्तर पटते, कारण १.४ हा आकडा आकाशाशी जुळतो.

देवराई

ओसरी यांनी तीन आणि चार यांचे कारण विचारले आहे. तीनाचे चार होताना जेथे प्रत्यक्ष दिसतात असे एक ठिकाण आहे आणि ते म्हणजे बायबल.

जुन्या करारात रात्रीचे तीनच प्रहर आहेत. विलापगीतात प्रहरांच्या आरंभी उठून आक्रोश करायला सांगितले आहे, निर्गमात पहाटेच्या प्रहराचा उल्लेख आहे, आणि शास्ते या पुस्तकात गिदोन मिद्यानी छावणीवर चालून जातो तो मधल्या प्रहराच्या आरंभी. या शेवटच्या उल्लेखातला बारकावा पाहण्यासारखा आहे. पहारा नुकताच बदलला होता, असे तेथे मुद्दाम म्हटले आहे. उठून आलेल्या पहारेकऱ्याचे डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात आणि सुटलेला पहारेकरी झोपेच्या ओढीने निघालेला असतो. तीनशे माणसांनिशी मोठ्या छावणीवर जाणाऱ्याने हीच वेळ निवडावी, यात सेनापतीची नजर दिसते.

नव्या करारात मात्र रात्र चार प्रहरांची झालेली आहे. मार्कच्या तेराव्या अध्यायात संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ अशी चार नावे सलग येतात. मत्तयात येशू पाण्यावरून चालत येतो तो चौथ्या प्रहरी, आणि मराठी बायबलातही तेथे ‘प्रहर’ हाच शब्द योजला आहे. मधल्या काळात देश रोमनांच्या अमलाखाली गेला होता आणि रोमन लष्कराची रात्र चार भागांची होती. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला तुरुंगात टाकल्यावर त्याच्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या नेमल्या, असे आहे. त्या चार तुकड्या चार पाळ्यांसाठीच होत्या असे मानले जाते.

यानंतरही जुनी मोजणी विसरली गेली नाही. तलमुद या यहुदी धर्मग्रंथातील बराखोत या भागाच्या आरंभीच रात्रीचे प्रहर तीन की चार, यावर वाद आहे. रब्बी यहूदा हनासी चार म्हणतात, रब्बी नातान तीन म्हणतात. तेथेच रब्बी एलिएझर यांनी तीन प्रहरांच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिल्या प्रहरात गाढव ओरडते, दुसऱ्यात कुत्री भुंकतात, तिसऱ्यात तान्हे मूल आईच्या अंगावर पिते आणि बायको नवऱ्याशी बोलू लागते. ज्या घरात पाणघड्याळ नाही, खिडकीतून तारे दिसत नाहीत, त्या घरात अंथरुणावर पडल्या पडल्या वेळ कशी ओळखायची, याचे हे उत्तर आहे. मी हा उतारा अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्या तिसऱ्या खुणेपाशी थांबतो.

शिलालेख

देवराई यांनी वाट सोपी करून दिली आहे, म्हणून रोमन बाजू मी मांडतो.

रोमन लोक सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे बारा तास करीत आणि लष्करात तीन-तीन तासांचा एक असे चार ‘विगिलिया’ मोजीत. हे तास ऋतूप्रमाणे ताणले जात, त्यामुळे डिसेंबरातला विगिलिया जूनमधल्यापेक्षा बराच लांब असे. तिसरा विगिलिया नेमका मध्यरात्री सुरू होई. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांतात तिसऱ्या विगिलियात सैन्य हलवल्याचे उल्लेख आहेत, ते या अर्थाने वाचावेत.

चारच भाग का, याचे कारण व्हेगेतियस या लष्करी लेखकाने स्पष्टच दिले आहे. एका माणसाला रात्रभर सतत जागून टेहळणी करणे अशक्य वाटले, म्हणून पाणघड्याळाच्या मदतीने रात्रीचे चार भाग केले, ज्यामुळे कोणालाही रात्रीच्या तीन तासांहून अधिक जागावे लागू नये. पहारा सुरू होताना एक वाद्य वाजे आणि संपताना दुसरे. आकाशातल्या कोणत्याही गोष्टीशी चार या संख्येचा संबंध नाही. तो माणसाच्या पापण्यांशी आहे.

पहारेकरी खरोखर जागा आहे की नाही हे तपासण्याची पद्धत पॉलिबियसने आपल्या इतिहासाच्या सहाव्या खंडात वर्णिली आहे. प्रत्येक चौकीवरच्या पहारेकऱ्याकडे त्या चौकीची आणि त्या प्रहराची खूण असलेली लाकडाची लहान पट्टी दिलेली असे. गस्तीचा घोडेस्वार सोबत साक्षीदार घेऊन निघे आणि जागा असलेल्या पहारेकऱ्याकडून त्याची पट्टी गोळा करी. सकाळी सर्व पट्ट्या वरिष्ठांपुढे मांडल्या जात. एखादी कमी भरली, तर कोणती खूण नाही यावरून चौकी आणि प्रहर दोन्ही लगेच कळत. झोपलेला सापडला तर शिक्षा सोटे आणि दगड मारून ठार करण्याची होती, आणि ती त्याचेच सोबती अमलात आणीत.

ग्रीकांकडील एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. इ. स. पू. चौथ्या शतकातला एनियास हा लेखक वेढ्यात सापडलेल्या शहराच्या संरक्षणाविषयी लिहितो. रात्री लहानमोठ्या होतात, मग पहाऱ्याचे पाणघड्याळ सर्वांना सारखे कसे ठेवायचे? त्याचा उपाय असा की, भांड्याला आतून मेण लावावे. रात्र वाढू लागली की थोडे मेण खरवडून काढावे म्हणजे पाणी जास्त मावेल, आणि रात्र लहान होऊ लागली की मेणाचा थर वाढवावा. पहारे आखूड आणि पुष्कळ ठेवावेत, असेही तो सांगतो, कारण कोण कोठे केव्हा उभा असेल हे आधी ठाऊक असले, तर फितुरीला वाव मिळतो.

शब्दांकडेही लक्ष वेधतो. लॅटिन ‘विगिलिया’ म्हणजे जागरण, पहारा. ग्रीक ‘फुलाके’ म्हणजे पहारा. रात्रीच्या भागासाठीचा हिब्रू शब्द ‘राखणे’ या धातूपासून आला आहे आणि कृत्तिका यांनी सांगितलेल्या अक्कादी भागांचे सामान्यनाम ‘मस्सर्तु’ याचाही अर्थ पहाराच. आपल्याकडे ही वाट उलटी चालते. यामापासून ‘यामिक’ म्हणजे रात्रीचा रखवालदार झाला, आणि प्रहरापासून आपला ‘पहारा’ व ‘पहारेकरी’ झाला. चीनमध्ये रात्रीचे पाच भाग करीत. त्या भागाचे नाव असलेल्या ‘गेंग’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बदलणे’ असा आहे.

माझे मत असे आहे की, रात्रीचे भाग प्रथम काळ मोजण्यासाठी झालेच नाहीत. ते जागण्याची पाळी वाटून घेण्यासाठी झाले.

जललता

शिलालेख यांचे मत पटण्यासारखे असले, तरी त्याला सरसकट नियम करू नये असे मला वाटते. इजिप्तमध्ये रात्रीचे बारा भाग होते आणि ते पहाऱ्यातून आलेले नाहीत, ताऱ्यांतून आलेले आहेत.

इजिप्ती लोकांनी आकाशात ३६ तारकासमूह निवडले होते. दर दहा दिवसांनी त्यांतला एक नवा समूह पहाटे सूर्यापूर्वी उगवताना दिसू लागे. एका रात्रीत हे समूह एकामागून एक क्षितिजावर येत आणि त्यांवरून रात्रीचे बारा भाग ठरत. इ. स. पू. २१०० च्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला या ताऱ्यांची कोष्टके तिरक्या ओळींत रंगवलेली सापडली आहेत. मृताने काळोखात वर पाहिले तर त्याला वेळ कळावी अशी ही सोय होती. पुढे राजांच्या थडग्यांत सूर्यदेवाचा रात्रीचा प्रवासही बारा तासांत रंगवला गेला आणि प्रत्येक तासाला स्वतंत्र दालन, स्वतंत्र रहिवासी, स्वतंत्र संकट दिले गेले.

कर्नाकच्या मंदिरात १९०४ मध्ये अलाबास्टर दगडाचे एक पाणघड्याळ सापडले. ते तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातले, म्हणजे इ. स. पू. चौदाव्या शतकातले आहे. त्याच्या आत बारा महिन्यांसाठी बारा उभ्या रांगांत खुणा कोरल्या आहेत, म्हणजे ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या रात्रीची सोय त्यात आहे. भांड्याच्या भिंती वर पसरट होत जातात. कृत्तिका यांनी सांगितलेला धार मंदावण्याचा दोष त्या उताराने बराच कमी होतो. ज्या माणसाने हा उतार ठरवला त्याला गणिती सूत्र ठाऊक नव्हते, पण पाणी ठाऊक होते.

ओसरी (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शिलालेख यांनी यामिक शब्द दिला, त्यावरून एक शंका येते. आपल्याकडे पहाऱ्याच्या संदर्भात तीन याम मोजल्याचा पुरावा आहे का? असल्यास ‘त्रियामा’ शब्दाचे मूळ टीकाकारांच्या अर्ध्या प्रहरात न शोधता तेथे शोधावे लागेल.

शिलालेख

पुरावा आहे आणि तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे.

दुसऱ्या अधिकरणात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना रात्रीच्या संचारबंदीचा नियम येतो. रात्रीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा नालिका सोडून यामतूर्य, म्हणजे प्रहराचे वाद्य वाजवावे. नालिका म्हणजे आपली घटका, २४ मिनिटांची. पहिले वाद्य वाजल्यापासून दुसरे वाजेपर्यंत राजवाड्याच्या जवळपास फिरताना जो सापडेल, त्याला पहिल्या आणि शेवटच्या यामात सव्वा ‘पण’ (तेव्हाचे नाणे) दंड आणि मधल्या यामात त्याच्या दुप्पट. म्हणजे बंदीच्या काळाचे याम तीनच आहेत, पहिला, मधला आणि शेवटचा. पाली ग्रंथांतही हीच तीन नावे आहेत.

या नियमाचे अपवादही मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत त्या शहराची रात्र दिसते. सुइणीसाठी निघालेला, वैद्याकडे चाललेला, प्रेत घेऊन जाणारा, दिवा हातात घेतलेला, अधिकाऱ्याच्या वाद्याची हाक ऐकून आलेला, खेळ पाहायला गेलेला, आगीच्या कारणाने धावणारा आणि मुद्रा जवळ असलेला यांना धरू नये. आजही मध्यरात्री रस्त्यावर भेटणाऱ्या माणसांची कारणे याहून फार वेगळी नसतात.

यावरून मला असे वाटते की, ‘त्रियामा’ ही पहारेकऱ्याची रात्र आहे. लोक जागे असण्याचा काळ दोन्हीकडून गळला की जी सुनसान रात्र उरते, ती तीन पाळ्यांत वाटलेली आहे. टीकाकारांचे उत्तर चुकीचे नाही. पण ज्या पद्धतीतून ते आले, ती पद्धत त्यांच्या काळी विसरली गेली असावी.

कृत्तिका

हिशेब करून पाहिला, तो जुळत नाही, हे नोंदवणे आवश्यक आहे. विषुवदिनी रात्र ३० घटकांची असते. टीकाकारांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्हीकडे अर्धा-अर्धा प्रहर वजा केला, तर पावणेचार-पावणेचार घटका जातात, म्हणजे दीड-दीड तास. अर्थशास्त्राप्रमाणे मात्र सहा-सहा घटका जातात, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. उरलेल्या १८ घटकांचे तीन याम केले, तर एक याम सहा घटकांचा होतो, जो साडेसात घटकांच्या आपल्या प्रहराहून बराच लहान आहे. दोन्ही पद्धतींत तीन याम आहेत, पण ते एकाच लांबीचे नाहीत. शिवाय त्याच अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणात राजाची दिनचर्या सांगताना रात्रीचे आठ भाग केले आहेत. पहिल्या भागात हेरांच्या भेटी, दुसऱ्यात स्नान, भोजन आणि स्वाध्याय, तिसऱ्यात शयनगृहात प्रवेश, चौथ्या-पाचव्यात झोप, सहाव्यात वाद्यांच्या आवाजाने उठणे. एकाच ग्रंथात दोन मोजण्या सुखाने नांदतात. तेव्हा एकीतून दुसरी निघाली असे म्हणण्यापेक्षा कामागणिक रात्र वेगळी कापली जाई, असे म्हणणे मला अधिक सुरक्षित वाटते.

शिलालेख

आपला आक्षेप मान्य आहे. लांबी जुळते असे मी म्हणू नये. तीन याम पहाऱ्याशी निगडित होते, एवढेच माझे विधान राहील.

देवराई

कामागणिक रात्र वेगळी कापली जाई, याला जैन परंपरेतून आधार देतो. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूच्या रात्रीचे चार भाग आहेत. पहिल्यात स्वाध्याय, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात निद्रा आणि चौथ्यात पुन्हा स्वाध्याय. या भागाला ‘पोरिसी’ म्हणजे पौरुषी म्हणतात. हा शब्द माणसाच्या सावलीच्या मापावरून आला आहे, म्हणजे दिवसाचे माप रात्रीला लावले आहे. रात्री सावली नसते, म्हणून तेथे नक्षत्राची सोय सांगितली आहे. जे नक्षत्र त्या रात्री रात्रभर आकाश ओलांडणार असेल, ते आकाशाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत आले की स्वाध्याय थांबवावा.

आमच्या आजोबांनाही रात्र अशीच कळत असे. हिवाळ्यात ते तिकांड्यावर लक्ष ठेवीत. मृगातल्या त्या तीन ओळीने लागलेल्या ताऱ्यांना आमच्याकडे तिकांडे म्हणतात. ते खळ्यावरच्या बाभळीच्या मागे उतरले की मळणीची पात धरायला माणसे उठवायची. ‘किती वाजले’ असे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. ‘तिकांडं कुठं आलंय?’ असे मात्र ते विचारीत.

जललता

घटकेचा विषय निघाला आहे, म्हणून भारतातल्या पाण्याविषयी लिहिते. अर्थशास्त्रातली नालिका ही पाणी गळणाऱ्या भांड्याची आहे, पण पुढे आपल्याकडे रूढ झाले ते बुडणारे पात्र. तांब्याची वाटी, तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र, ती पाण्यावर सोडायची आणि भरून बुडाली की एक घटका झाली. सूर्यसिद्धान्तात असे पात्र अहोरात्रात साठ वेळा बुडावे, असे सांगितले आहे. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्या वाटीवरूनच आला आहे.

सातव्या शतकात भारतात आलेल्या यिजिंग या चिनी भिक्षूने विहारांतली अशी पात्रे पाहिली होती. नालंदेत चार वेळा पात्र बुडाले की एक प्रहर पूर्ण होई. पहिल्या वेळी ढोलाचा एक ठोका, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी तीन आणि चौथ्या वेळी चार ठोके दिल्यावर शंख फुंकीत. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर असत. पालीतल्या तीन यामांच्या रात्रीवरून बौद्ध विहारच चार प्रहरांवर आलेले येथे दिसतात.

बाबराचा काळ प्राचीन नव्हे, पण त्याने केलेली एक दुरुस्ती येथे सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानातल्या घड्याळजींकडे पितळेची जाड तबकडी असे आणि ते प्रत्येक घटकेला तिच्यावर टोले देत. अडचण अशी होती की, रात्री जाग आलेल्या माणसाला तीन टोले ऐकू आले, तरी ती कोणत्या प्रहरातली तिसरी घटका हे कळत नसे. बाबराने हुकूम दिला की, घटकेचे टोले झाल्यावर थोडे थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. मराठीत ‘तास’ या शब्दाचा एक जुना अर्थ अशी टोले देण्याची तबकडी असाच आहे. तिच्यावरून काळाला ते नाव मिळाले.

ओसरी (धागाकर्ता)

जललता, ऋतूप्रमाणे रात्र कमीजास्त होते, पण घटका तर २४ मिनिटांचीच राहते. मग प्रहरात घटका किती मोजायच्या?

जललता

रात्रीच्या लांबीप्रमाणे प्रहरात घटका कमीजास्त धरीत. वेदाङ्गज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा आणि सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. मुहूर्त म्हणजे दोन घटका. हे प्रमाण भारताच्या अगदी वायव्येकडच्या अक्षांशांना जुळते, आपल्याकडे नाही. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. त्यामुळे रात्रीचा प्रहर जूनमध्ये सुमारे पावणेतीन तासांचा आणि डिसेंबरात सव्वातीन तासांचा भरतो. आपल्याकडे हा फरक अर्ध्या तासाचाच असल्यामुळे ‘प्रहर म्हणजे तीन तास’ असे आपण सहज म्हणून जातो.

ओसरी (धागाकर्ता)

या धाग्यावरची चर्चा वाचून आम्ही घरी एक प्रयोग केला, तो येथे नोंदवतो.

आमच्या वाईच्या घरी लग्नात वापरायचे घटिकापात्र आहे. आजीच्या लग्नात जोशीबुवांनी ते घंगाळात सोडले होते आणि प्रत्येक घटकेला भिंतीवर कुंकवाचे एक बोट उठवले होते, असे ती सांगत असे. पात्र काढून पाहिले तर ते बुडायला ३१ मिनिटे लागली. छिद्रात हिरवा गंज धरला होता. चिंच लावून घासले आणि छिद्रातून बारीक सुई फिरवली, तेव्हा वेळ साडेचोवीस मिनिटांवर आली.

कार्तिकातल्या एका रात्री मी, बहीण, मेहुणे आणि भाची अशा चौघांनी चार प्रहर वाटून घेतले. सूर्यास्त सहाच्या जरा आधी होता आणि सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला साधारण आठ घटका आल्या. मोबाइल एका डब्यात बंद करून ठेवले. अंगणात घंगाळ, शेजारी कंदील, आणि वहीत प्रत्येक घटकेला एक रेघ. पहिल्या प्रहरात गल्ली जागी होती, दुसऱ्यात एकेक दिवा विझत गेला आणि भाचीने तिच्या आठही रेघा चोख मारल्या. तिसरा प्रहर माझा होता. चार रेघा मारल्याचे मला आठवते. त्यानंतर जाग आली तेव्हा पात्र तळाशी होते, कंदिलाची वात खाली आली होती, आणि ते बुडून किती वेळ झाला हे सांगायला कोणीही नव्हते.

मी वर पाहिले. देवराई यांचे तिकांडे माझी पाळी सुरू झाली तेव्हा पूर्वेला नारळाच्या बाजूला होते, ते आता माथ्यावरून पश्चिमेला कलू लागले होते. त्यावरून दोन किंवा तीन घटका गेल्या असाव्यात असे ठरवून मी पात्र पुन्हा सोडले आणि मेहुण्यांना वेळेवर उठवले. सकाळी सूर्य उगवला तेव्हा वहीत २८ रेघा होत्या, मधल्या एका कोऱ्या जागेसह. ती जागा भाचीने भरू दिली नाही. तेथे तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत फक्त ‘तिसरा याम’ असे लिहिले आहे.